टॅग कापला म्हणून लेकीवर ओरडलो, आता ती खोलीत येत नाही

या वेळचं पत्र पुण्याहून आलंय, थोडं छोटं करून देतेय.

"ताई, मी ४१ वर्षांचा, आयटीत आहे. मधली चार वर्षं कंपनीच्या प्रोजेक्टवर स्टुटगार्टला होतो. तिथे शनिवारी जुना बाजार भरायचा, त्यात एकदा श्टाइफ या जर्मन खेळण्यांच्या कंपनीचं जुनं टेडी अस्वल घेतलं आणि तिथून हे सुरू झालं. आज माझ्याकडे ३७ जुनी अस्वलं आणि प्राणी आहेत, काचेच्या कपाटात, कुलूप लावून. गेल्या वर्षी लाबुबू नावाच्या बाहुल्यांचे बॉक्सपण मागवायला लागलो, त्याचा खर्च बायकोला सांगितला नव्हता. मागच्या महिन्यात कपाट चुकून उघडं राहिलं आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलीने माझ्या सगळ्यात लाडक्या अस्वलाच्या, १९५० च्या दशकातल्या, कानातला पिवळा टॅग कात्रीने कापला. मी इतका ओरडलो की ती पलंगाखाली जाऊन बसली. नंतर एवढंच म्हणाली, त्याला टोचत होतं. त्या दिवसापासून ती माझ्या खोलीत येत नाही. बायकोला बॉक्सची बिलंपण त्याच आठवड्यात सापडली, ती म्हणते सगळं विकून टाक. आई म्हणते पुरुषमाणसाला हे काय वेड. मला विकायचं नाहीये, पण हे मला का आवडतं तेपण कुणाला नीट सांगता येत नाही. अस्वल हातात घेतलं की आतला भुसा करकरतो, त्याने मला बरं वाटतं, बस. काय करू?"

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा "त्याला टोचत होतं" इथे येऊन थांबले. तुमच्या घरी लेकीच्या नव्या फ्रॉकचा मानेमागचा टॅग कोण कापतं? बहुतेक तिची आईच, टोचतो म्हणून, तिच्या डोळ्यांदेखत, आणि कापताना तिला सांगतही असेल की थांब हं, आता नाही टोचणार. मग लेकीने काय केलं, तर जे तिच्यासाठी घरात केलं जातं तेच तुमच्या अस्वलासाठी केलं. तिने त्याची काळजी घेतली हो. श्टाइफचा कानातला टॅग आणि फ्रॉकचा टॅग यांत फरक असतो हे तिला कळणार कुठून, कपाटाला कुलूप होतं आणि आतल्या गोष्टी तिला कुणी सांगितल्याच नव्हत्या.

त्यामुळे सगळ्यात आधी सॉरी, आणि ते आजच, रविवारची वाट बघू नका. तिला तुमच्या खोलीत बोलावू नका, तुम्ही तिच्याकडे जा, जमिनीवर बसा म्हणजे तुमचं तोंड तिच्या तोंडाच्या उंचीवर येईल. म्हणा, मी खूप जोरात ओरडलो, तू घाबरलीस, माझं चुकलं. एवढंच. पुढे "पण तूसुद्धा विचारायला हवं होतंस" हे जोडू नका, त्या "पण"मुळे आधीचं सगळं पुसलं जातं आणि पोरांना ते बरोबर कळतं. चॉकलेट वगैरे घेऊनही जाऊ नका. ती काही बोलली नाही तरी चालेल, दोनचार दिवस लागतील. टॅगचं नंतर, निवांत असताना सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे गोष्ट सांगायची, दम द्यायचा नाही. ती गोष्ट काय ते पुढे लिहिते, कारण ती तुम्हालाही ऐकायची गरज आहे असं मला वाटतं.

तुम्ही चार वर्षं ज्या भागात राहिलात तिथनं फार लांब नाही गिंगेन नावाचं गाव, जिथे श्टाइफचं हे सगळं सुरू झालं. मार्गारेटे श्टाइफ १८४७ सालची, दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, दोन्ही पाय लुळे पडले आणि उजवा हातही धड चालायचा नाही. तरी ती शिवण शिकली. १८८० च्या सुमारास तिने फेल्टचा एक छोटासा हत्ती शिवला, खेळणं म्हणून नाही बरं का, टाचण्या टोचून ठेवायची उशी म्हणून. बायकांच्या शिवणाच्या डब्यात ठेवायची वस्तू. ती उचलली पोरांनी, पोरं त्या हत्तीशी खेळायला लागली आणि तिथून कारखाना उभा राहिला. म्हणजे हे जे तुमच्या कपाटात आहे ना, त्याचा उगमच असा आहे की मोठ्यांनी एका कामासाठी वस्तू केली आणि लेकरांनी ती आपली म्हणून घेतली. मार्गारेटेचं म्हणणं कंपनी आजही सांगते, मुलांसाठी उत्तमातलं उत्तमच हवं.

मग तिचा भाचा रिचर्ड. हा तुमच्याच स्टुटगार्टला कलेच्या शाळेत होता आणि तिथल्या निल नावाच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन तासन्‌तास अस्वलांची स्केचेस काढायचा. १९०२ मध्ये त्याने हातपाय हलणारं अस्वल केलं, तेव्हा तो होता २५ वर्षांचा. त्या मॉडेलचं नाव ५५ पीबी, ५५ म्हणजे सेंटिमीटर, पी म्हणजे प्लश आणि बी म्हणजे जर्मनमध्ये हलणारं. १९०३ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने ३००० ची ऑर्डर दिली. आईंना हे जरूर सांगा, की ज्या अस्वलावरून हे सगळं वेड सुरू झालं ते एका तरण्याताठ्या पुरुषाने बघून बघून, चित्रं काढून काढून केलंय, आणि त्याला ते बायकी वगैरे वाटलं नव्हतं. आईंचा राग धरू नका, त्यांच्या पिढीत पुरुषाने मऊ वस्तू हातात धरली की लोक नावं ठेवायचे, त्या तुम्हाला नावं ठेवली जाऊ नयेत म्हणून बोलतायत.

तर त्या पहिल्या ५५ पीबी अस्वलांपैकी आज एकही कुठे असल्याचं माहीत नाही. एकही! आणि १९०७ या एका वर्षात श्टाइफने ९,७४,००० अस्वलं बनवली, जवळजवळ दहा लाख, त्यातली आज कितीशी दिसतात? कुठे गेली सगळी? काही युद्धात गेली असतील, पण बाकीची पोरांनी संपवली दादा. कुशीत घेऊन झोपली, चिखलात नेली, नाक चावलं, कान उपटला, आंघोळ घातली, डोळा काढून बघितला आणि शेवटी अस्वलाचं काही उरलं नाही तेव्हा आईने टाकून दिलं. आणि कानातलं बटण? ते १९०४ पासून आहे, नकली माल ओळखू यावा म्हणून लावलेलं, आणि त्याच्याखालचा कापडी टॅग. लहान मुलाच्या गालाला लागतो म्हणून कितीतरी जर्मन आयांनी तो काढून टाकला. तुम्ही इतकी वर्षं टॅगवाला नग शोधत फिरलात, टॅगवाल्याचे जास्त पैसे मोजलेत, तो टॅग दुर्मिळ झाला कशामुळे, तर तुमच्या लेकीने जे केलं ते तिच्याआधी हजारो घरांत झालं म्हणून.

मला हे लिहिताना माझ्या आजीने केलेली बाहुली आठवतेय. नऊवारीच्या काठाचं लुगडं, पोटात जुन्या धडुत्यांच्या चिंध्या, डोळे काळ्या दोऱ्याचे, एक मोठा आणि एक बारका. ती मी आणि माझ्या बहिणीने इतकी वापरली की शेवटी नुसता चिंध्यांचा बोळा उरला आणि तोही कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. आज तशी बाहुली मला कितीही पैसे दिले तरी मिळणार नाही. म्हणून तुम्हाला अस्वल का आवडतं हे मला तरी समजावून सांगायची गरज नाही. आत लाकडाचे केसासारखे बारीक काप ठासून भरलेत त्याची ती करकर, मोहेअरचा, म्हणजे शेळीच्या लोकरीचा, हाताला लागणारा पोत, आणि हाताने टाके घालून केलेलं नाक, त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन अस्वलांचे चेहरेसुद्धा सारखे नसतात. तुम्ही बाजारात शंभरातून एक उचलता ते या चेहऱ्याकडे बघून. त्यात आणखी एक गोष्ट आहे जी संग्रह करणाऱ्यांना आतून माहीत असते, की हे कुणाच्यातरी लहानपणी तिथे होतं. साठसत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी याला घट्ट धरून झोपलं होतं. दिवसभर मीटिंगा करून आलेल्या माणसाला असं काहीतरी हातात घ्यावंसं वाटलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, बायकोला आणि आईला हेच शब्द सांगा, करकर आणि चेहरा आणि कुणाचं तरी लहानपण. "इन्व्हेस्टमेंट आहे" असं सांगू नका. पत्रात तुम्ही तसं लिहिलं नाहीये पण घरी बाजू मांडताना बहुतेक सगळेच ते म्हणतात आणि तिथेच गाडी घसरते.

कारण दुर्मिळपणा जपून जपून तयार करता येत नाही, याचं उदाहरण आपल्याच पिढीत घडून गेलंय. अमेरिकेतल्या टाय कंपनीची बीनी बेबीज, ती छोटी मऊ खेळणी, आठवतात? टाय वॉर्नरने १९९३ मध्ये आणली, पोटात प्लॅस्टिकचे दाणे, पाच डॉलरच्या आसपास किंमत. तो मोठ्या दुकानांना माल द्यायचा नाही, छोट्या दुकानांत थोडा थोडा द्यायचा आणि अधूनमधून एखादा प्राणी "रिटायर" करून टाकायचा, की लोक धावलेच. मोठी माणसं पोरांच्या हातातून काढून घेऊन ती डब्यात ठेवायला लागली, टॅगला दुमड पडू नये म्हणून टॅगवर घालायची प्लॅस्टिकची कव्हरं मिळायची, पोरांच्या कॉलेजचा खर्च यातून निघेल असं लोकांना खरंच वाटत होतं. १९९९ मध्ये लास वेगासला एका घटस्फोट घेणाऱ्या जोडप्याने कोर्टात जमिनीवर बसून बीनी बेबीज वाटून घेतली, एक तुझं एक माझं, त्याचा फोटो बघा कधीतरी, मला तो बघून फार वाईट वाटतं. आणि मग फुगा फुटला. आज त्यातली बहुतेक सगळी चारदोन डॉलरला मिळतात, कारण सगळ्यांनीच जपली, टॅगसकट, कव्हरसकट, कुणी खेळलंच नाही. लाखो घरांत कोरीच्या कोरी पडून आहेत, मग ती दुर्मिळ होणार कशी?

आणि याच्या उलट टेडी गर्ल. १९०४ च्या सुमाराचं श्टाइफ अस्वल, ब्रिटनच्या कर्नल बॉब हेंडरसन यांचं, लहानपणापासून त्यांच्याजवळ राहिलेलं. कर्नल वारल्यावर १९९४ मध्ये लंडनला ख्रिस्टीजच्या लिलावात हे अस्वल १,१०,००० पौंडाला गेलं, जपानमधल्या टेडीच्या म्युझियमसाठी. लोकांनी पैसे मोजले ते एका माणसाच्या अख्ख्या आयुष्याच्या सोबतीचे. कुलपात कोरं राहिलेलं अस्वल नव्हतं ते.

आता लाबुबू. इथे मी तुमच्या बायकोच्या बाजूने आहे. लाबुबूबद्दल माझं काही वाईट मत नाही, कासिंग लुंग या हाँगकाँगच्या चित्रकाराने २०१५ मध्ये काढलेलं पात्र आहे, तो नेदरलँड्समध्ये वाढला, उत्तर युरोपातल्या लोककथांमधली भुतंखेतं त्याच्या डोक्यात होती, पात्र म्हणून छानच आहे. पण पॉप मार्ट ही चिनी कंपनी ते विकते कसं? बंद डब्यात. आत कुठला रंग आहे माहीत नाही, आणि "सिक्रेट" म्हणजे दुर्मिळ नग ७२ मध्ये एक. जरा हिशोब करा, तुम्ही इंजिनिअर आहात, ७२ सुटे डबे घेतले तरी सिक्रेट मिळण्याची शक्यता शंभरातली ६३-६४च येते. अस्वल घेताना तुम्ही काय करता, हातात घेता, बटण बघता, शिवण बघता, आतलं भरण दाबून बघता, मग नको म्हणून परत ठेवता. डब्यात बघायला काहीच नाही, फक्त फोडायचं आणि पुढचा मागवायचा. २०२५ च्या जूनमध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढा लाबुबू १०,८०,००० युआनला गेला ही बातमी वाचून डबे घेत बसू नका. डबे बंद करा, कमी करू नका, बंदच करा.

आणि मग बायकोसमोर बसा. ती अस्वलावर चिडलेली नाही असं मला वाटतं. स्टुटगार्टला ती चार वर्षं तुमच्याबरोबर असेल तर त्या शनिवारच्या बाजारात तिचेही पाय दुखलेत. ती चिडली लपवलेल्या बिलांवर, आणि त्यावर चिडायचा तिचा हक्कच आहे. एक वही घ्या किंवा एक्सेल करा, ३७ च्या ३७ नग लिहा, कुठे घेतला, कधी, किती युरोला, लाबुबूचे डबेही लिहा, एकही गाळू नका. तिच्यासमोर ठेवा. पुढे वर्षाला किती खर्च हे दोघांनी ठरवा, तिने शून्य म्हटलं तर एक वर्षभर शून्य ठेवून बघा, कपाटात ३७ आहेत, करमणूक पुरेल. विकायचंच झालं तर लाबुबू आधी विका आणि अस्वलांमधली जी तुम्ही केवळ सेट पुरा करायला घेतली, चेहरा न आवडता, ती. हे तुमचं तुम्हालाच माहीत असतं कुठली ते. किंमत बघताना लोकांनी मागितलेली किंमत बघू नका, ज्या किमतीला खरंच विकलं गेलं ती बघा, साइटवर विकलेल्या मालाची यादी वेगळी लावता येते. यातला फरक बघून तुम्हाला धक्का बसेल. बीनी बेबीजचं जांभळं प्रिन्सेस अस्वल आजही लोक लाखोंना विकायला लावतात आणि प्रत्यक्षात ते किरकोळ पैशात जातं.

सगळं विका असं मात्र मी सांगणार नाही, बायकोलाही विनंती आहे की तेवढं मागू नका. रागात विकलेलं माणसाच्या मनातून जात नाही, आणि लेकीला आयुष्यभर वाटत राहील की मी कात्री लावली म्हणून बाबांची अस्वलं गेली.

लेकीला एक अस्वल द्या. खरंखुरं द्या, म्हणजे त्याच्यावर तुमचा डोळा राहता कामा नये. साठ-सत्तर वर्षांपेक्षा जुनं नको, त्यांचे काचेचे डोळे बऱ्याचदा तारेवर बसवलेले असतात, निघाले तर टोचतात, आणि आतला भुसाही कुजून बाहेर येतो. १९८० च्या दशकातलं एखादं साधं, धुता येईल असं तुमच्याकडे असेलच. टॅगसकट द्या आणि टॅगचं काय करायचं ते तिला ठरवू द्या. कापला तर कापला. आणि बाकीचं कपाट आठवड्यातून एकदा तिच्याबरोबर उघडा, हात धुवून, एकेक तिच्या मांडीवर द्या, मार्गारेटेची गोष्ट सांगा, हत्तीची उशी आणि पोरांनी ती कशी पळवली ते सांगा. लुळ्या पायांच्या मुलीने हे सगळं केलं हे ऐकल्यावर लेक किती प्रश्न विचारते बघा.

पुण्याच्या पावसाचंही एक सांगते कारण कुलूपबंद काचेच्या कपाटाची मला काळजीच वाटतेय. मोहेअर शेवटी लोकरच, तिला कसर लागते, आणि आतल्या लाकडाच्या कापांना ओल धरली की बुरशी. इथे पावसात हवा फार दमट होते. पावसाळ्यात अस्वलं हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आतली ओल आतच राहते, धुतलेल्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत जा. डांबराच्या गोळ्या अस्वलाला चिकटून ठेवू नका, तो वास जन्मात जात नाही, लेक कुशीत घेणार असेल तर नकोच. उन्हात वाळत घालू नका, रंग उडतो. कसर दिसली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण नॉर्मल होऊ द्यायची, नाहीतर सगळं पाणी लोकरीवर धरतं.

राहता राहिला तो कापलेला टॅग. फेकला नसेल ना? फेविक्विक लावू नका, परत शिवूही नका, कानात जे टोक उरलंय तेही ओढू नका. बटण जागेवर आहे म्हणजे अस्वल श्टाइफचंच आहे हे दिसतंच, किंमत थोडी उतरली हे खरं आहे आणि ते मान्य करून टाका. तुकडा एका साध्या कागदी पाकिटात घाला. जुन्या अस्वलाबरोबर घरातली एखादी चिठ्ठी, जुना फोटो असं काही आलं की तुम्ही किती खूश होता ते आठवा, कुणाचं होतं, कुठून आलं, काय झालं, ते कळतं म्हणून. तशी चिठ्ठी या अस्वलाला आता तुमच्या घरची मिळणार आहे. सॉरी म्हणून झाल्यावर, ती परत खोलीत यायला लागल्यावर, त्या पाकिटावर तारीख घाला आणि खाली लेकीला तिच्या अक्षरात लिहू द्या, याला टोचत होतं म्हणून मी कापला. पेन्सिलने लिहायला सांगा, शाई दमट हवेत फुटते.